दंडाला पट्टा, काळजी मेंदूची: घरच्या बीपी यंत्राचा अनुभव

आईसाठी घेतलेलं, दंडाला बांधायचं डिजिटल बीपी यंत्र गेल्या चवथीपासून, म्हणजे गणपतीपासून, आमच्या घरात आहे. ते घ्यावं का, असं आता नातेवाईक आणि शेजारी विचारतात. माझं उत्तर आहे, जरूर घ्या. पण कशासाठी घेतोय ते आधी ठरवा. बहुतेक लोक ते हृदयाच्या काळजीने घेतात. मी ते आईच्या मेंदूसाठी घेतलं आणि त्याच कसोटीवर इथे पारखते आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच घडणीची यंत्रं बऱ्याच कंपन्या काढतात, आणि मी जे तपासायला सांगणार आहे ते सगळ्यांना सारखंच लागू आहे.

आई 84 वर्षांची. गोव्यात फोंड्यापासून थोडं आत, कुळागराला, म्हणजे माड-पोफळीच्या बागेला लागून आमचं घर. दोनेक वर्षांत तिची पावलं आखूड झाली, बोलताना शब्दाला थांबायला लागायचं, आणि सकाळी खाटेवरून उठली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. बांबोळीच्या इस्पितळात एमआरआय झाला. मोठा झटका कुठेच नव्हता. मेंदूच्या खोल भागात, पांढऱ्या द्रव्यात, म्हणजे मज्जातंतूंच्या जोडण्या जातात तिथे, ठिपके ठिपके होते. लहान रक्तवाहिन्यांचा आजार, असं निदान. आमचे डॉक्टर म्हणाले, “बाई, घरी बीपी मोजा. पण नुसतं बसून नको. उभं करूनही मोजा, आणि वहीत लिहून आणा.” त्या ‘उभं करून’मध्ये सगळं आलं, हे मला नंतर वाचताना कळत गेलं. हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवलं, त्यामुळे कारण समजल्याशिवाय माझ्या हातून काम होत नाही.

मेंदूचं वजन साधारण 1,400 ग्रॅम, म्हणजे शरीराच्या 2 टक्के. पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो, आणि साठवून जवळजवळ काहीच ठेवत नाही. दर 100 ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे 50 मिलिलिटर रक्त लागतं. सगळ्या मेंदूचं मिळून 700 मिलिलिटर, तेही झोपेत-जागेपणी अखंड. रक्त थांबलं तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते. मानेतल्या मोठ्या धमन्या हे रक्त वर आणून देतात खऱ्या, पण कुणाला किती द्यायचं याचा बराचसा कारभार पुढच्या बारीक वाहिन्यांच्या हातात असतो. आमच्या कुळागरात पाटाचं पाणी येतं तेव्हा भाऊ प्रत्येक माडा-पोफळीच्या आळ्याशी माती ओढतो किंवा सारतो. पाटाला पाणी जास्त आलं तरी आळं वाहून जाऊ देत नाही आणि कमी आलं तरी कोरडं ठेवत नाही. मेंदूतल्या केसाहून बारीक धमनिका हेच काम क्षणोक्षणी करत असतात.

करतात कशा, तर त्यांच्या भिंतीत स्नायूंचं कडं असतं. आतला दाब वाढून भिंत ताणली गेली की हे स्नायू आपणहून आवळतात, दाब उतरला की सैल पडतात. मज्जातंतूंचा हुकूम लागत नाही. विल्यम बेलिस या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने 1902 मध्ये हा गुण मांडला. पुढे 1959 मध्ये नील्स लासेन या डॅनिश संशोधकाने तोवरची मोजमापं एकत्र करून आलेख दाखवला: धमनीतला सरासरी दाब (वरच्या आणि खालच्या प्रेशरच्या मधला, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) 60 ते 150 च्या दरम्यान कुठेही असो, मेंदूचा रक्तप्रवाह जवळपास तेवढाच राहतो. तो आलेख अजून पाठ्यपुस्तकांत छापतात. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की मधला भाग इतका सपाट नसतो आणि हद्दीही माणसागणिक बदलतात, पण मूळ गोष्ट टिकून आहे.

शिक्षिका म्हणून मला यातलं गणित फार आवडतं. नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. धमनिकेची त्रिज्या 10 टक्क्यांनी घटली की तोच दाब असताना प्रवाह 66 टक्क्यांवर येतो. 20 टक्क्यांनी वाढली की दुपटीच्या वर जातो. एवढ्याशा आवळण्या-सैलावण्यावर एवढा मोठा परिणाम होतो, म्हणून तर ही व्यवस्था चालते. आणि त्याच कारणाने भिंत ताठर झाली की एवढं मोठं नुकसान होतं.

दाब सांभाळणं हे झालं एक काम. दुसरं त्याहून नाजूक आहे: मेंदूचा जो भाग कामाला लागला, तिथेच रक्त जास्त पोचवायचं. हा विचार 1890 मध्ये रॉय आणि शेरिंग्टन या दोघांनी मांडला. आई सकाळी देवाजवळ बसून अभंग म्हणते तेव्हा ऐकण्याचे, आठवण्याचे, जीभ-ओठ हलवण्याचे भाग चेततात, आणि एक-दोन सेकंदांत तिथल्या वाहिन्या रुंदावतात. मज्जापेशी कामाला लागली की आजूबाजूला पोटॅशियम सोडते, नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, आणि तारकापेशी, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेतले अ‍ॅस्ट्रोसाइट, आपली टोकं वाहिनीला टेकवून असतात त्या वाटेनेही निरोप जातो. केशवाहिनीच्या, म्हणजे सगळ्यात बारीक वाहिनीच्या, अस्तराला पोटॅशियम वाढल्याची जाणीव झाली की विजेचा संकेत भिंतीभिंतीने उलट वर धमनिकेपर्यंत पोचतो आणि ती सैल पडते. मागणी खालून वर जाते, हे वाचून मी खरंच थक्क झाले. केशवाहिन्यांना तर स्नायूंचं कडंही नसतं. तिथे पेरिसाइट नावाच्या पेशी बाहेरून वेढा देऊन बसलेल्या असतात, आणि त्याही वाहिनीची रुंदी कमी-जास्त करू शकतात. आतून जाणारी तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि वाट कधी कधी तिच्याहून अरुंद. पेशी दुमडून, घासत पुढे सरकते. अशा ठिकाणी थोडंसं आवळणंही महागात पडतं.

वर्षानुवर्षं बीपी चढं राहिलं की या बारीक धमनिकांच्या भिंती जाड होतात. त्या चढ्या दाबाला सरावतात आणि लासेनचा आलेख उजवीकडे सरकतो. म्हणजे तरण्या माणसाचा मेंदू सरासरी 60 च्या दाबावरही निभावून नेतो, तिथे जुनं बीपी असलेल्या म्हाताऱ्या माणसाला 75-80 लाच रक्त कमी पडू शकतं. पांढऱ्या द्रव्यात जाणाऱ्या वाहिन्या लांब, बारीक आणि एकट्या असतात; एक बंद पडली तर शेजारची मदतीला येत नाही. आईचे ठिपके नेमके तिथेच आहेत. तेव्हा तिला दोन्ही बाजूंनी धोका: बीपी चढं राहिलं तर भिंती आणखी खराब, आणि एकदम उतरलं तर खोल भाग कोरडा.

आता यंत्राकडे येते. माझी सगळ्यात मोठी तक्रार आधी सांगते, कारण तिच्यावर कुणी बोलत नाही. मेंदूच्या वाहिन्यांना जो दाब महत्त्वाचा तो सरासरी दाब. ही यंत्रं पट्ट्यातली हवा कमी-जास्त होताना धमनीची थरथर पकडतात, आणि थरथर सर्वांत जोराची असते तो दाब साधारण सरासरी दाबच असतो. वरचं आणि खालचं प्रेशर यंत्र त्यावरून आपल्या सूत्राने काढतं. म्हणजे जो आकडा त्याला सगळ्यात सरळ मिळतो तोच आमच्या यंत्राच्या पडद्यावर येत नाही! एक ओळ वाढवली असती तर काय बिघडलं असतं? आम्ही वहीत हाताने काढतो: वरच्यातून खालचं वजा करायचं, त्याला तीनने भागायचं, आणि आलेलं खालच्यात मिळवायचं.

सुरुवातीच्या दिवसांतलं एक पान समोर ठेवते. आई खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला, पाच मिनिटं शांत बसल्यावर 152/78. सरासरी 103. मग तिला उभं केलं. वहिनीने तिचा हात कोपराखालून धरून छातीच्या उंचीवर ठेवला. हात खाली लोंबता राहिला तर आकडा खोटा चढतो. एक मिनिटाने बटण दाबलं: 118/64. सरासरी 82. “आई, कसं वाटतं?” म्हटलं तर म्हणाली, “धूर दिसतोय गं.” त्या क्षणी मी फळ्यावरचं गणित मनात केलं. रक्ताचा एक सेंटीमीटर उंचीचा स्तंभ पाऱ्याच्या 0.78 मिलिमीटरइतका दाब घेतो. उभ्या माणसाचा मेंदू हृदयाहून साधारण 30 सेंटीमीटर वर. म्हणजे 23 तिथेच गेले. दंडाला 82 तर मेंदूपाशी 59 च्या आसपास. आलेख उजवीकडे सरकलेल्या मेंदूला 59!

उभं राहताना अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या धमनीतले संवेदक ते ओळखून हृदयाला घाई करायला लावतात, आणि वर मेंदूतल्या धमनिका पाच-दहा सेकंदांत रुंदावतात. वयाने दोन्ही गोष्टी मंदावतात. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं 20 ने किंवा खालचं 10 ने उतरलं तर डॉक्टर त्याची दखल घेतात. आईचं 34 आणि 14 ने उतरलं होतं. दवाखान्यात खुर्चीवर बसवून मोजलेल्या आकड्यावर भरवसा ठेवला असता तर गोळी वाढली असती.

वही बघून डॉक्टरांनी सकाळी एकत्र घ्यायच्या दोन गोळ्यांच्या वेळा वेगळ्या केल्या आणि एकीची मात्रा कमी केली. हे त्यांनी ठरवलं, आम्ही नाही. घरचं यंत्र बघून स्वतः गोळ्या कमी-जास्त करणारे लोक माझ्या ओळखीत आहेत आणि मला त्यांची फार चिंता वाटते. आता आई बसून 140 च्या आगेमागे असते आणि उभी राहिल्यावर 126-130. अंधारी जवळजवळ गेली. उठायची पद्धतही बदलली: आधी कुशीवर, मग खाटेच्या कडेला पाय सोडून बसायचं, पावलं वर-खाली हलवायची, मग उभं.

यंत्राची इथे एक मर्यादा आहे. एका मोजणीला पाऊण मिनिट लागतं. उभं राहिल्यानंतरचे पहिले पंधरा-वीस सेकंद, ज्यांत काही जणांचा दाब सर्वांत खाली जातो, त्याच्या हाती लागत नाहीत. त्या वेळी आकड्याकडे बघू नका, माणसाच्या चेहऱ्याकडे बघा आणि हाताशी राहा. आई सुरुवातीला या परीक्षेला घाबरायची आणि भराभर श्वास घ्यायची. त्यानेही चक्कर येते: जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूच्या वाहिन्या आवळतात. त्याचा दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने घटला की प्रवाह सुमारे 3 टक्क्यांनी कमी होतो. “मोजायच्या आधी दोन-चार लांब श्वास घे” असा सल्ला घरोघरी देतात, तो या वयात देऊ नका. नेहमीसारखा श्वास चालू द्यावा.

पट्ट्याबद्दल सविस्तर सांगायलाच हवं, कारण दुकानात हे कुणी विचारत नाही. सोबत मिळणारा पट्टा 22 ते 32 सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. आईचा दंड शिंप्याच्या टेपने मोजला तर 20. एवढ्या बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला की बीपी आहे त्याहून कमी दिसतं. उलट भावाच्या जाड दंडाला तोच पट्टा घट्ट होऊन जास्त दिसतं. आईच्या बाबतीत दोन-चार पॉइंटांनाही किंमत आहे. फोंड्यात आम्ही जिथून यंत्र घेतलं तो मुलगा सुरुवातीला म्हणाला, “मावशी, सगळ्यांना हाच चालतो.” टेप काढून दाखवल्यावर मात्र त्याने खोक्यावरचा घेर वाचला आणि लहान पट्टा मडगावहून मागवून दिला. त्याचे पैसे वेगळे पडले, यंत्राच्या किमतीच्या पाव हिश्श्याहून थोडे जास्त. ते खर्चायलाच हवेत. मनगटावरची यंत्रं थोडी स्वस्त आणि सुटसुटीत असतात, पण मनगट हृदयाच्या पातळीवर नसेल तर आकडा चुकतो. थरथरत्या हाताच्या म्हाताऱ्या माणसासाठी मी ती घेणार नाही.

बाकी गोष्टी. आकडे ठसठशीत आहेत, पण पडद्यामागे दिवा नाही. पहाटे माजघरात मोजायचं तर बत्ती लावावी लागते. बॅटरीवर चालतं, त्यामुळे पावसात वीज गेली तरी अडत नाही. हात हलला की मोजणी सोडून पट्टा पुन्हा फुगवतं, दुसऱ्यांदा जास्त जोरात, आणि आईच्या कातडीला ते दुखतं. आवाजातून आकडे सांगायची सोय आहे, पण हिंदी आणि इंग्रजीतच. माहितीपुस्तिकाही तशीच. आई रोजचं मराठी वर्तमानपत्र चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचते. तिला स्वतःला वाचता आलं असतं तर तिने स्वतः मोजलं असतं. मराठीत आणि कोंकणीत एक पान छापणं कंपन्यांना जड नाही. मोबाइलवरचं अ‍ॅप आम्ही वापरत नाही. डॉक्टरांना वहीच सोयीची पडते. आषाढात पट्ट्याच्या कापडाला बुरशीचे ठिपके आले. तेव्हापासून यंत्र पत्र्याच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसकट ठेवते.

मोजताना बोलायचं नाही, हा नियम आईला सगळ्यात अवघड जातो. पट्टा फुगायला लागला की तिचा जप सुरू होतो. बोलण्याने वरचं प्रेशर सहज आठ-दहाने चढतं. आता ती ओठ मिटून मनात जप करते आणि यंत्राचा शेवटचा आवाज झाला की उरलेला मोठ्याने पुरा करते. जेवल्या-जेवल्या मोजत नाही, चहानंतर अर्धा तास थांबतो. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा मोजतो, आणि डॉक्टरांकडे जायच्या आधीच्या आठवड्याची सरासरी नेतो. एका चढ्या आकड्याने घरात धावपळ होत नाही, हा या वहीचा मोठा फायदा. खारी सुंगटं (सुकी कोळंबी) आणि लोणचंही त्या वहीनेच कमी केलं. आकडे डोळ्यांनी दिसल्यावर आईने स्वतःच ताटातून बाजूला सारलं.

बीपी ताब्यात ठेवल्याने मेंदूच्या लहान वाहिन्यांना खरंच फायदा होतो का, हे मी शोधून वाचलं. अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड अभ्यासाचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. वरचं प्रेशर 120 च्या खाली आणायचं ठेवलेल्या गटात विस्मरणाची सौम्य अवस्था कमी लोकांना आली, आणि पांढऱ्या द्रव्यातले ठिपकेही कमी वाढले. डिमेन्शियातला फरक मात्र ठामपणे सांगण्याइतका दिसला नाही. आईला 120 वर आणणं तिच्या उभ्या आकड्यांमुळे डॉक्टरांना योग्य वाटलं नाही. मधुमेह झालेले आणि आधी पक्षाघात येऊन गेलेले लोक त्या अभ्यासात नव्हते. तेव्हा दुसऱ्याचा आकडा आपल्या माणसाला लावू नये. बाकी सगळं जाऊ दे, पण उभ्या मोजणीशिवाय हा निर्णय झालाच नसता.

कुणी घेऊ नये? ज्यांची नाडी सतत अनियमित आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, कारण अशा नाडीत या यंत्राचे आकडे डळमळतात. आणि जे दिवसातून दहा वेळा मोजून काळजी करत बसतील, त्यांच्या घरी ते नकोच.

घेताना दंड मोजून जा. लहान किंवा मोठा पट्टा लागणार असेल तर दुकानात आधी सांगून ठेवा, तो यायला आठवडा लागतो. पट्टा हाती आल्यावर यंत्र एकदा दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांच्या यंत्राशी त्याच दंडावर, पाठोपाठ ताडून घ्या. आमच्यात तीन पॉइंटांचा फरक निघाला, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. वर्षातून एकदा पुन्हा ताडायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय.